गाणे आमचे, सातबारा कोणाच्या नावावर?

आंबेडकरी चळवळ खेड्यापाड्यात आधी गाण्यातून पोहोचली, कागद नंतर आला. ज्या काळात आमच्या वस्तीत पत्र वाचून दाखवायला दुसऱ्या आळीतला माणूस शोधावा लागत होता, त्या काळात बाबासाहेबांचा विचार शाहिरांनी डफावर आणि पेटीवर आमच्या दारात आणून ठेवला. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे, नाशिक-मुंबईकडे भीमराव कर्डक आणि त्यांचा जलसा, पुढे लोककवी वामनदादा कर्डक, अण्णाभाऊ साठे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नुसती कलावंतांची नावे नाहीत. हे चळवळीचे शिक्षक होते. भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल खुद्द बाबासाहेबांनी काढलेले गौरवाचे उद्गार कार्यकर्ते आजही एकमेकांना सांगतात.

आज १४ एप्रिल असो, ६ डिसेंबर असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, गाण्याशिवाय आमचा एकही कार्यक्रम होत नाही. मिरवणुकीच्या बॅनरवर अध्यक्षाचा फोटो असतो, गायकाचा असतो, अलीकडे डीजेवाल्याचाही असतो. गाणे लिहिणाऱ्याचा मात्र नसतो. गाणे वाजते, लोक नाचतात, घरी जातात. ते कोणी लिहिले, त्याला काय मिळाले आणि तो आज कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारण्याची पद्धत आमच्यात पडलीच नाही.

हा प्रश्न मी वकील म्हणून विचारतो आहे आणि चळवळीचा कार्यकर्ता म्हणूनही विचारतो आहे. कारण हा मालमत्तेचा प्रश्न आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे जमीन, पाणी आणि शस्त्र बाळगू दिले नाही, त्या समाजाने स्वतःच्या डोक्यातून आणि गळ्यातून एक मालमत्ता निर्माण केली. ती मालमत्ता म्हणजे गाणे. तिचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे?

नाममुद्रा पुसणारे हात

आपल्या संतकवींनी आणि शाहिरांनी हा हक्क कायद्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबा आपले नाव घालतात, चोखोबा घालतात, जनाई घालते. तीच परंपरा वामनदादांपर्यंत चालत आली. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव आले की ऐकणाऱ्याला कळते, हे कोणाचे गाणे आहे. छापखाना नव्हता आणि नोंदणी कार्यालयही नव्हते, तेव्हा नाममुद्रा हीच नोंदणी होती.

पुढे काय झाले? कव्वालीच्या सामन्यात, गायन पार्टीच्या कार्यक्रमात आणि नंतर कॅसेटमध्ये शेवटचे कडवेच गाळले जाऊ लागले. काही महाभागांनी तर कडवे ठेवले आणि नाव बदलून स्वतःचे घातले. जुन्या पिढीतल्या अनेक कवींची ही तक्रार होती. हे करणारे सगळेच काही परके नव्हते, आमचेच होते, हेही कबूल केले पाहिजे. शेताचा धुरा कोरला तर भावाभावात डोकी फुटतात. पण कवीचे नाव कोरून टाकले तर आम्ही टाळ्या वाजवतो.

कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५७ ने लेखकाला विशेष अधिकार दिला आहे. कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार त्याला आहे. त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचाही अधिकार त्याला आहे. महत्त्वाचे म्हणजे गाण्याचे सर्व हक्क विकून टाकल्यावरही हा अधिकार लेखकाकडेच राहतो आणि त्याच्या मागे त्याचे कायदेशीर वारस तो बजावू शकतात. म्हणजे नाममुद्रा पुसणे हा बेइमानीचा प्रकार तर आहेच, तो कायद्याचाही भंग आहे.

एका गाण्याचे चार हिस्सेदार

आमच्या लोकांचा पहिला गोंधळ असा की, गाणे ही एकच वस्तू आहे असे ते समजतात. कायदा तसे समजत नाही. शेतात जमीन एकाची, विहीर दुसऱ्याची आणि बटाईने कसणारा तिसरा असतो, तसेच गाण्याचे आहे. शब्द हा एक हक्क, तो गीतकाराचा. चाल हा दुसरा, तो संगीतकाराचा. गायन आणि वादन हा तिसरा, तो कलावंताचा. आणि ध्वनिमुद्रण हा चौथा, तो ज्याने पैसे लावून रेकॉर्डिंग केले त्या निर्मात्याचा. एकाच माणसाने लिहिले, चाल लावली, गायले आणि स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केले, तर चारही हक्क त्याचेच. ते वेगवेगळ्या माणसांचे असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा.

या हक्कांची मुदतही मोठी आहे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत तर राहतोच, शिवाय मृत्यूनंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे आणि कलावंताचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे टिकतो. हिशेब करून बघा. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, म्हणून त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ च्या अखेरीस संपेल. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, त्यांच्या शब्दांची मुदत २०६४ पर्यंत आहे. बनसोडे १९४६ साली गेले, त्यांची मुदत संपलेली आहे. त्यांची गाणी आज कोणीही छापावीत आणि गावीत, फक्त नाव त्यांचेच ठेवावे. बाबासाहेबांच्या ग्रंथांचीही मुदत २०१६ च्या अखेरीस संपली, म्हणूनच आज कोणताही प्रकाशक ते छापू शकतो.

याचा अर्थ असा की, वामनदादांच्या पिढीतल्या कितीतरी कवींच्या घरात आज नातवंडांच्या हयातीत चालणारी इस्टेट पडून आहे. वारसाची नोंद नाही, कागद नाही, आणि ती इस्टेट कोणी तिसराच कसतो आहे.

कायदा कोणासाठी लिहिला गेला होता?

कायदा समजून घेताना तो कोणाला डोळ्यापुढे ठेवून लिहिला, हे बघायची सवय बाबासाहेबांनी आम्हाला लावली. १९५७ च्या मूळ कायद्यात संगीतकृतीची व्याख्या काय होती? जी चाल छापली किंवा लिहून काढली असेल, तीच संगीतकृती. म्हणजे स्वरलिपी येणाऱ्याचा हक्क. ढोलकीवर बोट मारून, गुणगुणून चाल बांधणाऱ्या आमच्या शाहिराने स्वरलिपी कुठे शिकायची? ज्याला शाळेचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याच्या चालीला कायद्याच्या दारातही उभे राहता आले नाही. कायद्यात जातीचे नाव कुठेच नव्हते, पण अक्षराची अट घातली की बाहेर कोण राहणार हे वेगळे सांगावे लागत नाही. ही लेखी नोंदीची अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली आणि ती दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलात आली.

गायकांचे तर त्याहून वाईट होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस आणि चित्रपट निर्माते यांचा खटला आला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. चित्रपटासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माता, असे ठरले. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिप्पणी लिहून, गाणाऱ्याला कायद्यात काहीच स्थान नाही याकडे लक्ष वेधले. संसदेला त्याची दखल घ्यायला १७ वर्षे लागली. कलावंताचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्याच दुरुस्तीने. ज्या वर्षांत आमच्या गायकांच्या कॅसेट गावोगावच्या जत्रेत आणि बसस्थानकावर खपत होत्या, त्यातल्या बहुतेक वर्षांत गायकाला कायद्याने हक्कच नव्हता.

मोठी दुरुस्ती झाली २०१२ साली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या विषयावर जोरदार बाजू मांडली, विधेयक मंजूर झाले आणि २१ जून २०१२ पासून ते लागू झाले. त्यातली एक तरतूद प्रत्येक गीतकाराने पाठ करावी अशी आहे. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यातही, म्हणजे आमच्या भीमगीतांच्या अल्बममध्येही, गीतकाराने आणि संगीतकाराने हक्क कंपनीला लिहून दिला तरी त्या गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडेच राहतो. तो वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा हक्क गोळा करणाऱ्या सोसायटीला देता येतो. याच्या विरुद्ध केलेला करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो.

याचे मर्म ध्यानात घ्या. किमान वेतनाच्या कायद्यात मजूर स्वतः म्हणाला की मला कमी मजुरी चालेल, तरी कायदा ते चालू देत नाही. कारण उपाशी माणसाची संमती ही खरी संमती नसते, हे कायदा जाणतो. २०१२ च्या दुरुस्तीने हेच तत्त्व गीतकाराला लावले. कंपनीसमोर बसलेला खेड्यातला कवी आणि कंपनीचा मालक यांच्यात बरोबरीचा सौदा होऊच शकत नाही, हे संसदेने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये एफएम रेडिओ कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात अंतरिम आदेश देताना, गाणे रेडिओवर वाजले तर त्यातल्या शब्दांचा आणि चालीचा वेगळा मोबदला द्यावा लागेल, अशी भूमिका घेतली.

दहा शिलिंगांचा सौदा

हा अन्याय फक्त आपल्याकडेच होतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा झुलू गायक होता. १९३९ साली जोहान्सबर्गच्या स्टुडिओत त्याने ‘म्बुबे’ नावाचे गाणे रेकॉर्ड केले. ‘म्बुबे’ म्हणजे सिंह. त्या गाण्याचा हक्क त्याच्याकडून १० शिलिंगांत घेतला गेला, असे सांगतात. हेच गाणे अमेरिकेत गेले, त्याचे शब्द बदलले, नाव बदलले, आणि ते जगभर गाजले. पुढे डिस्नेच्या ‘द लायन किंग’ चित्रपटातही ते आले. सॉलोमन लिंडा मात्र १९६२ साली गरिबीत मेला. त्याच्या मुली सोवेटोच्या वस्तीत हलाखीत वाढल्या.

२००४ साली त्याच्या वारसांच्या वतीने दावा दाखल झाला आणि २००६ साली तडजोड होऊन कुटुंबाला हक्क मिळाला. कोणत्या कायद्याच्या आधारे? १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्याच्या. त्या कायद्यात अशी तरतूद होती की, लेखकाने हयातीत विकलेला हक्क त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी वारसांकडे परत येतो. हाच कायदा १९१४ च्या कायद्याने हिंदुस्थानातही लागू होता. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यात मात्र ती तरतूद राहिली नाही. काळ्या कामगाराच्या मुलींना साम्राज्याच्या जुन्या कायद्याने न्याय दिला, आणि आमच्या शाहिरांच्या मुलांना स्वतंत्र देशात तो आधारही उरला नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

युरोपातली एक गोष्ट याच्या उलट आहे. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे नावाचा गीतकार सोबत्यांसह बसला होता. तिथे त्याचेच गाणे वाजत होते. त्यांनी पेयाचे बिल द्यायला नकार दिला. तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, आम्ही तुमच्या पेल्याचे देत नाही! प्रकरण न्यायालयात गेले, गीतकार जिंकले आणि १८५१ साली त्यांची सोसायटी स्थापन झाली. ती आजही चालू आहे. एकट्या माणसाने नकार दिला, तो खटला झाला आणि खटल्यातून संघटना उभी राहिली. हा क्रम आम्हाला अनोळखी नाही.

शंभर रुपयांचा स्टॅम्प

आता आमच्या मुलखात या. हिवरा आश्रम म्हटले की लोकांना विवेकानंद आश्रम आणि विवेकानंद जयंतीचा लाखोंचा महाप्रसाद आठवतो. पण मेहकर, लोणार, चिखली या पट्ट्यातल्या वस्त्यावस्त्यांत भजनी मंडळे आहेत, गायन पार्ट्या आहेत, आणि वहीत गाणी लिहून ठेवणारे कवीही आहेत. कोणी सालगडी, कोणी शिक्षक, कोणी पोतराजाचा वारसा सोडून बुद्धाची गाणी लिहिणारा. आता तर मोबाइलवर चाल बांधणारी आणि घरातल्या खोलीत कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणारी तरुण पोरेही तयार झाली आहेत.

अशा लोकांचे कागद माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा स्टॅम्प पेपर असतो, त्यावर इंग्रजी मजकूर असतो आणि खाली मराठी सही किंवा अंगठा असतो. मजकूर असा की, सर्व गाण्यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे, संपूर्ण जगासाठी दिले. बदल्यात ठोक रक्कम, ती एका म्हशीच्या किमतीइतकीही नसते. कधी कधी तर कागदच नसतो. गायकाने सांगितले, कवीने वही दिली आणि गाणे बाजारात आले. पुढे कवीच्या मुलाने बापाचे गाणे स्वतः गाऊन यूट्यूबवर टाकले की कंपनीचा दावा लागतो. यंत्राने आवाज आणि चाल जुळवून बघितलेली असते. यंत्राला कंपनी कळते, त्याला बाप कळत नाही.

अशा वेळी माणसे हात टेकतात. सही केली ना, आता काय होणार, असे म्हणतात. बंधूंनो, बरेच काही होऊ शकते. कायदा काय सांगतो ते बघा.

पहिली गोष्ट, हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले नसेल तर ते वैधच नाही. तोंडी बोलण्यावर फार तर वापराची परवानगी दिली असे म्हणता येते, मालकी जात नाही. दुसरी गोष्ट, १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत समजला जातो. पाच वर्षे झाली की हक्क घरी परत. तिसरी गोष्ट, कंपनीने दहा गाणी घेतली, दोन काढली आणि आठ दाबून ठेवली, तर करारात वेगळे लिहिलेले नसल्यास एका वर्षानंतर त्या आठ गाण्यांवरचा तिचा हक्क संपतो. चौथी गोष्ट, २०१२ नंतरच्या करारात जे माध्यम करार होताना अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय कंपनीला जात नाही. त्याआधीच्या करारांना ही तरतूद सरसकट लागू होत नाही. तिथे कागदाची भाषा बघावी लागते. पण नुसते ‘कॅसेटसाठी’ असे लिहिलेल्या कागदावर कंपनी यूट्यूबचा हक्क सांगत असेल, तर भांडायला जागा आहे. पाचवी गोष्ट, करार लेखकावर जाचक असेल तर तो रद्द करून मागता येतो. त्यासाठी करार होऊन पाच वर्षे व्हावी लागतात. पूर्वी ही दाद अपिलीय मंडळाकडे होती, ते २०२१ साली बरखास्त झाले, आता व्यापारी न्यायालयाकडे जावे लागते.

कॉपीराइटच्या भंगाचा दावा हक्काचा मालक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या हद्दीत दाखल करता येतो, अशी सोय कलम ६२ मध्ये आहे. म्हणजे मुंबईच्या कंपनीविरुद्ध मुंबईलाच जावे लागेल हे खरे नाही. शिवाय अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. तालुका विधी सेवा समितीकडे एक अर्ज केला की काम सुरू होते. जाणीवपूर्वक केलेला भंग हा गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले.

‘गाणे चळवळीचे, त्यावर हक्क कसला?’

आता आमच्यातल्याच एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. काही जुने कार्यकर्ते म्हणतात, वकील साहेब, शाहिरांनी गाणी पैशासाठी लिहिली नाहीत. गाणे चळवळीचे आहे. त्यावर हक्क सांगायला लागलात तर उद्या जयंतीला गाणे वाजवायलाही पावती फाडावी लागेल.

या भावनेचा मी आदर करतो. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता लोकांपुढे गाणी सादर केली, तर तो कायद्याने भंग होत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणी वाजवण्यालाही कलम ५२ मध्ये सूट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून लग्नाबाबत हेच पुन्हा सांगितले. जयंतीची मिरवणूक धार्मिक विधी मानायची की सामाजिक उत्सव, यावर वकील वाद घालू शकतील. पण कोणताही आंबेडकरी कवी वस्तीतल्या जयंतीवर पावती फाडायला येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. एखाद्या कवीला खरोखरच आपले गाणे समाजाला अर्पण करायचे असेल, तर जाहीर सूचना देऊन हक्क सोडण्याची सोयही कलम २१ मध्ये आहे.

प्रश्न फुकट गाणाऱ्या वस्तीचा नाहीच. प्रश्न आहे तो त्याच गाण्यावर कमावणाऱ्याचा. जाहिरातीचे पैसे कंपनीला मिळतात, ठोक सुपारी गायकाला मिळते, भाडे डीजेला मिळते, मंडपवाल्याला आणि जनरेटरवाल्यालाही मिळते. मग त्याग एकट्या कवीनेच का करायचा? ‘गाणे चळवळीचे आहे’ हे वाक्य कंपनीच्या मालकाला कोणी ऐकवले आहे का? ते फक्त गरीब कवीलाच ऐकवले जाते. राबणाऱ्याने मोबदला मागू नये, सेवा हाच त्याचा धर्म, ही शिकवण कोणाची होती? बलुतेदारीचीच ना? ती आपण गावच्या चावडीवर नाकारली आणि आपल्याच मंचावर परत आणली.

शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. ते जरूर घ्यावे. पण मानधन आणि रॉयल्टी यांत फरक आहे. मानधनासाठी अर्ज करावा लागतो, समितीची मर्जी लागते. रॉयल्टी ही आपल्या शेतातल्या पिकाची किंमत आहे. ती कोणाच्या उपकाराने मिळत नाही.

करायचे काय?

नुसत्या तक्रारीने भागत नाही. गीतकाराने प्रत्येक गाणे तारखेसह वहीत लिहावे आणि मोबाइलवर स्वतःच्या आवाजात चालीसह नोंदवून ठेवावे. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, पण पुरावा म्हणून ती फार उपयोगी पडते. कॉपीराइट नोंदणी कार्यालयाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. २०१३ च्या नियमांप्रमाणे शब्दांच्या किंवा चालीच्या एका कृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० रुपये फी आहे.

गाणे रेकॉर्ड होण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक आणि खर्च करणारा यांनी एका कागदावर मराठीत लिहावे की, कोणाचे काय आणि उत्पन्नात कोणाचा किती वाटा. मित्र आहोत, भाऊ आहोत, कागद कशाला, असे म्हणू नये. भावाभावातच वाटणीपत्र करावे लागते. इंग्रजी कागद समजून घेतल्याशिवाय सही करू नये. ‘कायमचे’ आणि ‘सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावे.

गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचे सभासद व्हावे. ही संस्था १९६९ पासून आहे आणि २०१७ साली कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी झाली. दिवंगत गीतकाराचे वारसही सभासद होऊ शकतात. गायकांसाठी २०१३ पासून वेगळी संस्था आहे. पण सभासद होऊन गप्प बसू नये, आपल्या प्रत्येक गाण्याची माहिती तिथे नोंदवावी. ज्या गाण्याची नोंद नाही त्याचे पैसे संस्थेला देता येत नाहीत. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या तरुणांनी गाणे ऑनलाइन टाकताना त्याला आयएसआरसी हा बारा अक्षरी क्रमांक घ्यावा. तो त्या रेकॉर्डिंगचा गट नंबर समजा. आणि गीतकाराचे नाव त्या जागेत न चुकता भरावे.

आमच्या गायकांनाही एक सांगायचे आहे. वामनदादांचे किंवा कोणाचेही गाणे नव्याने रेकॉर्ड करून विकायचे असेल, तर हक्काच्या मालकाची परवानगी घ्या. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे झाली असतील, तर पूर्वसूचना देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून नवे ध्वनिमुद्रण करण्याचा रस्ता कलम ३१-क ने दिला आहे. शब्दांत मनमानी बदल करायची मुभा मात्र त्यात नाही. कंपनीकडे हक्क मागायचा आणि कवीच्या विधवेला विसरायचे, हे चालणार नाही.

शेवटी जयंती मंडळांकडे. पुढच्या जयंतीच्या पत्रिकेत गायकाच्या शेजारी गीतकारांची नावे छापा. गाणे सुरू करण्यापूर्वी निवेदकाने कवीचे नाव घ्यावे आणि शेवटचे कडवे गाळू नये. वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा, कितीही लहान असो, गावातल्या किंवा तालुक्यातल्या हयात कवीला सन्मानाने द्या. आणि आमच्या वकील मंडळींनी तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एक दिवस बसावे. कवींनी वह्या आणि जुने करार घेऊन यावे, वारसांनी मृत्यूचे दाखले आणावेत, वकिलांनी कागद वाचून द्यावेत. याला मोठा निधी लागत नाही. एक सभागृह, चार वकील आणि एक झेरॉक्स मशीन पुरते.

चवदार तळ्याचे पाणी काही फार गोड होते म्हणून बाबासाहेब महाडला गेले नव्हते. पाण्यावर आपला हक्क आहे हे सिद्ध करायला गेले होते. रॉयल्टीची रक्कम पहिल्या वर्षी कदाचित बसभाड्याइतकीच येईल. ती घ्या, पावती जपून ठेवा आणि मुलाला दाखवा. त्या पावतीवर बापाचे नाव असेल आणि नावापुढे गीतकार असे लिहिलेले असेल.

जयभीम!